दाढेची चतुःसीमा

आमच्या घरात सही करण्याचा मान एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस सही करत नाही.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे मुळशीत सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूला आत्या. मामा सातवी शिकलेले आहेत. अक्षर इतकं सुरेख की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं अजून त्यांच्याकडून लिहून घेतात. पण छापील कागद दिसला आणि त्याच्या तळाशी सहीची रेघ दिसली, की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जातात. कुरिअरवाल्याने मोबाइलच्या काचेवर बोटाने सही मागितली म्हणून आत्यांचा मिक्सर दोनदा दारातून परत गेला. तिसऱ्या वेळी मी रजा टाकून घरी बसले, तेव्हा कुठे तो ओट्यावर आला. रेशनच्या मशिनवर अंगठा मात्र ते निवांत लावतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "अंगठा माझ्यासंगं माघारी घरी येतोय. सई तितंच ऱ्हाती."

याला कारण आहे, आणि ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आत्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. महाळुंग्याला मामांच्या आईकडून आलेला जमिनीचा एक तुकडा होता. तो विकायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्यात वाईट काही नव्हतं. पण त्या तुकड्याला लागून एक पट्टी होती, तिच्यात एक आंबा आणि एक विहीर होती, आणि ती पट्टी ठेवायची होती. कागद घाईत झाला. जमिनीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कुठून कुठवर द्यायची, हे जिथे लिहितात ती चतुःसीमेची जागा कोरीच होती, मामांनी ती पाहिलीच नाही आणि ती नंतर कुणीतरी भरली. चहा आला होता, माणसं हसत-बोलत होती, मामांनी सही केली. आंबाही गेला आणि विहीरही गेली. आता तिथे उंच इमारत आहे आणि आंब्याच्या जागी पोहायचा तलाव आहे. त्या दिवसापासून मामांनी कशावरच सही केलेली नाही.

मला या हट्टाचा राग यायचा, हे मी लपवत नाही. माझं माहेर सासवडकडचं आणि माझे वडील पोस्टमन. लोकांच्या सह्या घेण्यावर आमचं घर चाललं. सहीला घाबरणारा माणूस मी लग्न होईपर्यंत पाहिलाच नव्हता. मुलांच्या प्रगतिपुस्तकांपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे मीच सह्या ठोकत आले, आणि मनातल्या मनात म्हणत आले, धन्य आहे बाई या घराची.

तर अशा घरात मला छत्तिसाव्या वर्षी अक्कलदाढेने गाठलं.

मी सूसला एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात काम करते. गावातून स्कूटरवर निघायचं, नांदे-चांदेवरून सूसला यायचं आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. लिफ्ट बंद आहे, टँकर आला नाही, माझ्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी आहे. या नोकरीत तोंड चालवल्याशिवाय भागत नाही आणि माझं तोंड चालतं. पण गेल्या फाल्गुनात एका सकाळी उठले, तर डावा गाल टम्म आणि तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. ऑफिसात जो येईल त्याला मी नुसती मान हलवत होते. गंमत म्हणजे त्या आठवड्यात एकही भांडण झालं नाही. चौथ्या मजल्यावरचे एक काका जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं समजून घेतलंत तर किती बरं वाटतं." मला तोंड उघडता आलं असतं तर त्यांना चांगलं ऐकवलं असतं.

दाढ माझी, पण सल्ले सगळ्या जगाचे. आत्या म्हणाल्या, मिसरी लाव. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ती दातांना चोळतात आणि सगळ्या दुखण्यांवर तिचंच नाव घेतात. शेजारच्या चुलतसासूबाई आल्या आणि ओसरीवर बसून म्हणाल्या, "दाढ काढू नगंस बाई. दाढ काढली की डोळं जात्यात. माज्या थोरल्या भावाचं गेलं." खोदून विचारल्यावर कळलं, की भावाने दाढ काढली तेव्हा तो पंचाहत्तरीच्या पुढे होता आणि मोतीबिंदू त्याला त्याच्या आधीपासून होता. सासवडहून बहिणीचा फोन आला, चारही काढून टाक, कटकट नको. सोसायटीतल्या एका मुलीने सांगितलं, मी चारही एकाच दिवशी काढल्या आणि दुसऱ्या दिवशी घरून मीटिंग घेतली. नवऱ्याला विचारावं, तर तो कंपनीच्या कामासाठी तीन महिने चेन्नईला. तो फोनवर म्हणाला, "तुला जे बरं वाटेल ते कर." हे वाक्य नवऱ्यांना कोण शिकवतं कुणास ठाऊक.

शेवटी आमच्या सोसायटीच्याच खाली दुकानांच्या रांगेत जो दाताचा दवाखाना आहे, तिथे गेले. डॉक्टर माझ्याहून लहान, बारीक अंगाची, बोलायला एकदम मोकळी.

"ताई, तोंड उघडा."

"उघडलंय."

"एवढंच?" तिने कपाळाला हात लावला आणि आधी हसून घेतलं. मला ती तिथेच आवडली.

तिने जबड्याचा मोठा एक्स-रे काढला आणि काचेवर लावून मला समजावलं. तोवर मी अक्कलदाढ म्हणजे एक दाढ समजत होते. निघाल्या चार, आणि एका घरातल्या चार भावांसारख्या चार तऱ्हेच्या. खालची डावी आडवी पडलेली, पुढच्या दाढेला डोकं लावून अडून बसलेली. सगळा त्रास तिचा. ती काढायची, यात दुमत नाही. खालची उजवी हाडात खोल निजलेली. तिला उगाच उठवायचं नाही. वरची उजवी सरळ, सज्जन. राहिली वरची डावी. "हिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं," डॉक्टर म्हणाली. "खालची गेली की हिला चावायला जोडीदार राहत नाही. ठेवली तर वर्षातून एकदा बघत राहू. काढायची असेल तर त्याच दिवशी काढू. तुम्ही ठरवा."

पाच दिवस गोळ्या घ्यायच्या, सूज उतरली की लगेच काढायची, असं ठरलं. मी दिवस मोजले आणि माझा चेहराच पडला. त्यानंतर चारच दिवसांनी गावची जत्रा होती.

आता हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हिला देवाची फार ओढ. आमच्या जत्रेत पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण. आमच्या घरची रीत अशी, की दुसऱ्या दिवशी बायकांची पंगत आधी बसते आणि पुरुष वाढतात. वर्षातून तेवढा एक दिवस. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मी नवी नवरी, डोक्यावर पदर घेऊन पंगतीत बसले होते. ताटात नळी आली, मगजाने भरलेलं मटणाचं पोकळ हाड. माहेरी आम्ही नळीवर तुटून पडायचो. मला भान राहिलं नाही. मी ती ताटाच्या काठावर दोनदा आपटली, तोंडाला लावली आणि असा काही आवाज करून आतला मगज ओढला की सगळी पंगत गप्प झाली. पदर केव्हाच खांद्यावर आला होता. वर पाहिलं तर समोर मामा, हातात पळी. मी मेलेच म्हटलं. आणि तो कधी न हसणारा माणूस खो खो हसला, पळीतला रस्सा सांडेपर्यंत हसला. तेव्हापासून दर जत्रेला मामा पातेल्यातून नळी शोधून काढतात आणि एक शब्द न बोलता माझ्या ताटात ठेवतात. सासरा आणि सून म्हणून आमचं वर्षभरात जेवढं बोलणं होत नाही, तेवढं त्या नळीत होतं.

म्हणून मी डॉक्टरला म्हटलं, जत्रेनंतर काढू. ती म्हणाली, जत्रेतच सुजली तर? मग मीच घरी येऊन विचार करत बसले. ठेवावी तर जत्रेच्या दिवशी गाल फुगायची भीती, काढावी तर नळी गेली. आत्यांनी हे सगळं मामांच्या कानावर घातलं. मामा ओसरीवरूनच म्हणाले, "नळीसाठी दाढ ठिवतीया व्हय? नळी पुढल्या सालीबी हाय."

झालं, ठरलं: जत्रेआधी खालची एकच काढायची, वरचीचं नंतर बघू. आणि तिथेच घोडं अडलं. कारण दवाखान्याने एक छापील कागद दिला होता, संमतीचा. खाली दोन रेघा. एक माझी आणि एक सोबत येणाऱ्या नातेवाइकाची.

मी चहा झाल्यावर तो कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. म्हशीला पाणी दाखवून तासही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशीही कागद तिथेच. आत्यांनी त्यावर पोह्यांचा डबा ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. आत्यांच्या सहीने काम भागलं असतं, पण त्या म्हणाल्या, "त्यांनी न्हाई केली तर मी कशी करू?" माझा भाऊ सासवडहून दोन तासांत आला असता आणि सही करून मोकळा झाला असता. पण मामा घरात असताना माहेरचा माणूस येऊन सही करतो, हे मामांना आयुष्यभर लागलं असतं, आणि मलाही. तरी माझा संताप होत होता. तोंड माझं, दाढ माझी, दुखणं माझं, आणि सगळं अडलंय कुणाच्या तरी जुन्या आंब्यावर! तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली.

त्या दुपारी मी भाकरी आमटीत कुस्करून, एका बाजूने गिळत होते. मामा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं पाणी हवंय. ते म्हणाले, "गाडी काढ. पौडला जाऊ."

"कशाला?"

"वकिलाकडं. कागुद वाचून घिऊ."

मी स्कूटर काढली. मामा मागे बसले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी छातीशी धरलेली. पौडला तहसील कचेरीच्या समोर पत्र्याच्या शेडमध्ये जे वकील बसतात, त्यातले एक मामांच्या चांगल्या ओळखीचे. सही न करण्याच्या कामासाठीच मामा त्यांच्याकडे जातात, असं वकील स्वतः म्हणतात. त्यांनी चष्मा लावला, कागद पालथा-सुलटा वाचला आणि म्हणाले, "मामा, ही जमीन न्हाई. दाढ हाय."

"वावर काय अन् दाढ काय, एकदा गेली की गेली," मामा म्हणाले. "ह्यात कुटली दाढ ते हाय का?"

वकिलांनी पुन्हा पाहिलं. छापील कागदात 'दात/दाढ काढणे' एवढंच होतं, आणि पुढे एक मोकळी जागा होती. मामांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "ही बगा. अशीच जागा त्या कागदात व्हती. हितं चतुःसीमा लिवा."

"दाढेची?"

"मग कुणाची?"

दुसरा वकील असता तर हसून घालवलं असतं. हे वकील मात्र तीस वर्षं त्या शेडमध्ये बसलेले, चतुःसीमा म्हटल्यावर त्यांचा हात थांबेना. पेनचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "पूर्वेला काय येतं?"

"काय पूर्वेला? मी कुठे तोंड करून बसते त्यावर आहे ते!"

मी हे चिडून बोलले होते. पण दोघेही एकदम गंभीर झाले. वकिलांनी दवाखान्याला फोन लावला आणि विचारलं की खुर्चीत बसल्यावर पेशंटचं तोंड कुठल्या दिशेला येतं. पलीकडच्या मुलीला वाटलं, वास्तू बघतायत. ती म्हणाली, खिडकीकडे. खिडकी कुठल्या दिशेला? तर म्हणे समोर मेडिकल आहे. मग मामांनी फोन घेतला. "बाय, खिडकीतनं ऊन कवा येतं?" दुपारनंतर येतं, संध्याकाळी तर पडदा लावावा लागतो, असं ती म्हणाली. "पश्चिम," मामांनी निकाल दिला आणि फोन परत दिला.

मग त्या मोकळ्या जागेत, बारीक सरकारी अक्षरात, वकिलांनी लिहिलं: काढावयाची दाढ खालची डावीकडील शेवटची एकच. तिच्या पूर्वेस जबड्याचा शेवट, पश्चिमेस शेजारील दाढ, दक्षिणेस डावा गाल, उत्तरेस जीभ. मामांनी वाचलं आणि म्हणाले, वरची बाजू राहिली. वकिलांनी पुढे घातलं: वरील बाजूस वरची दाढ, तिचा या व्यवहाराशी काही संबंध नाही. राहिलेल्या जागेत तिरप्या रेघा मारल्या, म्हणजे नंतर कुणी काही घुसडायला नको. मला इतकं हसू आलं की जबडा कळवळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी शेडच्या खांबाला धरून हसत राहिले. शेजारच्या टेबलावर वारसनोंदीला आलेल्या दोन बायकांना वाटलं, मी रडतेय. त्यातली एक उठून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दी बाय, जमीन काय, येती अन् जाती."

मामांनी तिथे सही केली नाही. म्हणाले, डॉक्टरसमोर करीन.

ठरलेल्या दिवशी मामा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून माझ्यासोबत दवाखान्यात आले. डॉक्टरने कागद हातात घेतला. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, हसू नकोस, बाई, हसू नकोस. ती हसली नाही. तिने चतुःसीमा मोठ्याने, सावकाश वाचली. मग मला खुर्चीत बसवलं, मामांना जवळ बोलावलं, छोटा आरसा माझ्या तोंडात धरला आणि एकेक हद्द दाखवली. "हा गाल. ही जीभ. ही शेजारची, हिला धक्का लावणार नाही. बरोबर?"

मामांनी वाकून पाहिलं. सुनेच्या तोंडात असं बघायची त्यांच्यावर जन्मात वेळ आली नसेल. कान लाल झाले होते. "बराबर," म्हणाले. खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही करायला बसले. मी खुर्चीतून बघत होते. पहिल्या अक्षराला हात थांबला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न तोडता. तेवढ्यात माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांची माया आली, आणि आपण तीन दिवस भांडी आपटली याची लाजही वाटली.

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मधे फक्त अर्धी काच होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सुई टोचली, ओठ, जीभ, हनुवटी, सगळं परक्याचं झालं. ती आडवी बाई सहज निघेना. डॉक्टरने तिचे दोन तुकडे केले आणि एकेक काढला. दुखलं नाही, पण आवाज आला, सुकलेलं लाकूड मोडावं तसा. शेवटी तिने ते दोन तुकडे वाटीत टाकले आणि टाका घातला.

मग ती थांबली. "ताई, वरची डावी खालच्या हिरडीला चावत होती, म्हणून तिथे जखम झाली होती. आता खालची नाही, तर तो त्रास संपला. पण तुम्हाला काढायचीच असेल तर आता काढता येईल, फक्त तिथे वेगळी सुई द्यावी लागेल. पण तुमच्या कागदात ती नाही." असं म्हणून ती नवा कोरा फॉर्म घेऊन बाहेर गेली. मला कापूस चावून धरायला सांगितलेलं, त्यामुळे मला काही बोलता येईना.

बाहेर तिने मामांना तेच सगळं समजावून सांगितलं. मी डोळे मिटले. आता पुन्हा पौड, म्हटलं. पुन्हा पिशवी, पुन्हा वकील, पुन्हा उत्तरेस जीभ.

मामा म्हणाले, "मला काय इचारताय? दाढ तिची हाय. तिला इचारा."

"विचारते. पण काढायची असेल तर सही लागेल, आणि मला पुन्हा बाहेर यायला नको, म्हणून."

"द्या हिकडं."

पेनचं टोपण निघाल्याचं ऐकू आलं. मग डॉक्टरचा आवाज, जरासा घाबरलेला. "आजोबा, अहो, कोऱ्या फॉर्मवर सही नका करू. मी भरून तरी देते."

"ती भरंल की. ती म्हणंल तसं लिवा," मामा म्हणाले.

डॉक्टर आत आली आणि तिने तो कागद माझ्यापुढे धरला. वर सगळं कोरं, एकाही जागेत रेघ नाही, आणि तळाशी मामांचं पूर्ण नाव. या तालुक्यात अशा कागदापायी काय काय झालंय, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मामांना माझ्याहून जास्त माहीत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाली, "दुखतंय का? अजून थोडी सुई देऊ?" मी मान हलवून नाही म्हटलं.

वरची दाढ मी ठेवली. ती चावत होती तीही खालच्या आडवीमुळे, एरवी तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं. एकीचं दुखणं दुसरीच्या नावावर कशाला चढवायचं? आणि खरं सांगते, आता ठरवायची मुभा आपलीच आहे म्हटल्यावर ती दाढ मला एकदम आवडायला लागली. मी बोटाने वर दाखवलं आणि हात आडवा हलवला. डॉक्टरला कळलं.

चार दिवसांनी जत्रा झाली. नवरा चेन्नईहून दोन दिवसांसाठी आला, माझा गाल बघून घाबरला आणि मग ती चतुःसीमा वाचून हसत हसत जमिनीवर बसला. वकिलाच्या हातचा तो कागद मी त्याच्यासाठी झेरॉक्स करून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने तो वाचला. मामा कुणी विचारलं की शांतपणे म्हणायचे, "लिवलं म्हणून बाकीच्या दाढा ऱ्हायल्या."

दुसऱ्या दिवशी बायकांची पंगत बसली. तिखट चालणार नव्हतं, म्हणून माझ्या ताटात नुसता गुरगुट्या आंबेमोहोर भात आणि वर तुपाची धार. सगळ्या रस्सा ओरपत होत्या, चुलतसासूबाई तर मुद्दाम माझ्याकडे बघत ओरपत होत्या आणि अधूनमधून विचारत होत्या, "दिसतंय न्हवं नीट?" मी मुकाट भात कालवत होते. मामा पातेलं घेऊन आले. नेहमीसारखं त्यात पळी फिरवून शोधत राहिले, नळी सापडली, आणि माझ्यापुढे येऊन थांबले. मी मानेने नको म्हटलं.

ते खाली बसले. पंगतीत, सगळ्या बायकांसमोर, सुनेच्या ताटासमोर मांडी घालून बसले. नळी माझ्या ताटाच्या काठावर दोनदा आपटली, अगदी मी आपटते तशी, आणि आतला मगज माझ्या भातावर सोडला. "खा. चावायचं काम न्हाई."

मी खाल्लं. इतकं चवदार मी आजवर काही खाल्लेलं नाही. मी घास गिळेपर्यंत ते तिथेच बसून होते, रिकामी नळी हातात घेऊन.

"त्यो कागुद कुटं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठला, मामा?"

"दुसरा. कोरा."

"कपाटात आहे. साडीच्या घडीत." आणि मी घाईने म्हटलं, "फाडून टाकते आजच."

"फाडू नगंस," मामा उठता उठता म्हणाले. "वरची दुखली तर लागंल."